आपण कोण, हे ठरवतंय कोण?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

१ नोव्हेंबर आला की आमच्या बेळगावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडं महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्यांच्या काळ्या पट्ट्या, आणि मधी शाळेतली पोरं, ज्यांचे दोस्त दोन्हीकडं. १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, सीमावादावरचा महाजन आयोगाचा रिपोर्ट १९६७ चा, २००४ पासनं केस सुप्रीम कोर्टात, म्हणजे पोरगं जन्मायच्या आधीच त्याच्यावर लेबल तयार.

माझी भाची पुण्याला शिकायला गेली तर रूममेट म्हणतात, तू कर्नाटकची ना, मराठी मस्त बोलतेस की! बेंगळुरूला इंटरव्ह्यूला गेली तर आडनाव ऐकून विचारलं, महाराष्ट्रातनं कधी आलात? आता तिलाच कळेना आपण कुठले. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या नजरेच्या आरशात बघतो, पण इथं दोन आरसे आणि दोन्हीत ती परकीच, त्याचं काय करायचं?

आमच्या आईला मात्र हा प्रश्न कधी पडला नाही (पडायला वेळ कुठं होता म्हणा). सौंदत्तीच्या यल्लम्मालाही जाते, जोतिबालाही जाते. भाजीवालीशी कन्नडमधनं घासाघीस, आणि पिशवी नीट धरली नाही म्हणून मला मराठीत शिव्या, एका दमात.

तेव्हा पेपरवाल्यांनो, नोव्हेंबरात नुसते पुढाऱ्यांचे फोटो छापू नका, असल्या घरांबद्दलबी लिवा की जरा.

- एक वाचक, शहापूर, बेळगाव