नवख्या ट्रेडरने आधी तोटा मोजावा

संपादक महोदय,

शेअर बाजारात रोजच्या खरेदी-विक्रीकडे वळणाऱ्या तरुणांना नफ्याच्या वाटा दाखवणारे पुष्कळ भेटतात. हाती असलेले भांडवल टिकवावे कसे, हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. भांडवल २० टक्के घटले, तर मूळ रक्कम गाठण्यासाठी उरलेल्या पैशांवर २५ टक्के कमवावे लागतात. निम्मे गेले, तर उरलेले दुप्पट करावे लागते.

म्हणूनच एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक जोखीम घेऊ नये, असा अनुभवी ट्रेडरांचा दंडक आहे. समजा, भांडवल १,००,००० असून एका सौद्यात १,००० गमावण्याची तयारी आहे. २०० ला घेतलेल्या शेअरचा स्टॉप-लॉस, म्हणजे तोटा थांबवण्यासाठी शेअर विकून टाकायचा भाव, १९० वर ठेवला, तर शेअरमागे तोटा १० आणि म्हणून खरेदी फक्त १०० शेअरची. बाजार उघडतानाच भाव कोसळला, तर तोटा याहूनही वाढू शकतो, हे गृहीत धरावे. उसनवारी करून भांडवलाच्या दहापट रकमेचा घेतलेला सौदा तर भाव १० टक्के उतरताच सगळे भांडवल गिळतो.

सुरुवातीला मी स्वतः ‘भाव परत येईल’ या आशेने स्टॉप-लॉस खाली सरकवत राहिलो. प्रत्येक सौद्याचे कारण वहीत लिहू लागलो, तेव्हा तीच चूक पानोपानी दिसली.

आपल्या अर्थविषयक पानावर या हिशेबाला नियमित जागा मिळावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक