झुबकेदार केसांखालचा पाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाची बग्गी भाड्याने देणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी गेल्या महिन्यात माझ्या भाच्याला फोन केला. भाचा इंग्लंडमध्ये घोड्यांच्या तबेल्यात कामाला आहे. शायर या इंग्लंडातल्या अवजड घोड्यांच्या जातीची जोडी गोव्यात आणता येईल का, अशी चौकशी होती. हे घोडे देखणे आहेत यात शंका नाही. माणसाच्या डोक्याला भिडणारा खांदा, टनाच्या घरातले वजन आणि गुडघ्याखाली खुरापर्यंत रेशमासारखे लांब केस. त्या केसांवरच सगळे भाळतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

भाच्याने मला एक व्हिडिओ पाठवला. एका घोडीच्या मागच्या पायांचे केस मशीनने काढत होते. केस गळून पडले आणि आतून वळ्यांवर वळ्या, गाठी, खपल्या, भेगांतून पाझरणारे पाणी असे सगळे दिसू लागले. मला तो पाय ओळखीचा वाटला. माझ्या आईला हत्तीरोग होता. तिचा पाय मी बारा वर्षे रोज सकाळी साबणाने धुतला, बोटांच्या बेचक्या फडक्याने टिपून कोरड्या केल्या. एक दिवस चुकला तरी वास यायचा आणि आठवड्याभरात ताप भरायचा.

दोन्ही रोगांचे मूळ मात्र वेगळे. हत्तीरोग डासांमार्फत शरीरात शिरणाऱ्या कृमींमुळे होतो. घोड्यांच्या या आजाराचा, म्हणजे पायात लसिका साचून हळूहळू वाढत जाणाऱ्या सुजेचा (इंग्रजीत 'क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह लिम्फेडिमा'), डासांशी संबंध नाही. तो शायर, क्लाइड्सडेल, बेल्जियन अशा ओढकामाच्या अवजड जातींत दिसतो आणि आनुवंशिक मानला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली मांसल स्नायू नसतात. तिथली लसिका, म्हणजे शरीरातून रक्ताकडे परत जाणारे पातळ पाणी, वर चढते ती चालण्याने आणि कातडीच्या लवचीकपणाने. या घोड्यांच्या कातडीतले लवचीक तंतूच कमी पडतात, म्हणून पाणी खाली साचते. सुरुवातीला बोट दाबले की खळगा पडतो, पुढे पाय लाकडासारखा घट्ट होतो. तरुण वयातच सुरू होते, पण लांब केसांमुळे मालकाला कळत नाही. त्याच केसांत ओल टिकते, खरजेचे किडे वाढतात, घोडा पाय आपटत राहतो. हा आजार बरा होत नाही. केस कापून ठेवणे, पाय धुऊन पूर्ण कोरडे करणे, किड्यांवर औषध, हलक्या हाताने मालिश करून दाबाच्या पट्ट्या बांधणे आणि रोज चालवणे, एवढेच हातात असते, आणि तेही जन्मभर.

आता आपला पावसाळा डोळ्यांसमोर आणा. लग्नांचा हंगाम सरला की बग्गीचा घोडा दावणीला. खाली चिखल, वर ताडपत्री, चार महिने फिरणे नाही. धडधाकट घोड्याचेही पाय अशाने सुजतात. थंड देशात वाढलेल्या, पायावर वीतभर केस असलेल्या जनावराचे काय होईल?

आपल्याकडच्या घोडेवाल्यांनाही हात जोडून सांगणे आहे. पाय सुजला की डाग देऊ नका, बिब्बा घालू नका. फाटलेल्या कातडीतून जंतू आत शिरतात. पशुवैद्यांना दाखवा. आजारी जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हाही आहे.

भाच्याने त्या गृहस्थांना 'नको' म्हणून कळवले आहे. आणखी कुणी अशी जोडी आणायच्या विचारात असेल, तर विकणाऱ्याला पायाचे केस काढून दाखवायला सांगा. आणि जून ते सप्टेंबर रोज त्यांचे पाय कोण धुणार, कोण पुसणार, कोण फिरवणार, तो माणूस आधी ठरवा.

आपली,
एक वाचक, म्हापसा