तयार टाचण जसेच्या तसे नको

संपादक महोदय,

व्हॉट्सॲप गटांवर फिरणारी टाचणे (तासाच्या नियोजनाच्या नोंदी), स्वाध्यायपत्रिका आणि ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे पाठ शिक्षकांनी वापरण्यात गैर काहीच नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग असलेल्या शाळेत प्रत्येक तासाचे नियोजन कोऱ्या पानापासून करणे शक्यच नसते. गैर आहे ते शाळेचे नाव आणि तारीख बदलून तेच टाचण वहीत उतरवणे.

बाटलीच्या पर्जन्यमापकाचा उपक्रम घ्या. सरळ बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवायचा, बाहेरून दहा सेंटिमीटरची कागदी पट्टी चिकटवायची आणि रोज सकाळी नोंद घ्यायची, असे तयार टाचणात असते. दहा सेंटिमीटर म्हणजे 100 मिलिमीटर. देशावर एवढे पुरते. कोकणात जुलैमध्ये एखाद्या दिवशी याहून जास्त पाऊस पडतो. बाटली रात्रीच भरून वाहते, मुले 100 लिहितात आणि तक्त्यावर मुसळधार व अतिमुसळधार दिवस सारखेच दिसतात. म्हणून इथे नोंद दोनदा हवी, शाळा भरताना आणि सुटताना, आणि दर वेळी बाटली शून्य रेषेपर्यंत रिकामी करायला हवी. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो. त्यात खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी भरावे आणि त्या पातळीला शून्य धरावे, नाहीतर सगळे आकडे चुकतात. कागदी पट्टी आठवड्यात विरघळते, त्यामुळे खुणा न पुसणाऱ्या मार्करने थेट बाटलीवर कराव्यात. बाटली माडापोफळीपासून आणि पागोळ्यांपासून दूर, जमिनीचे शिंतोडे उडणार नाहीत इतक्या उंचीवर ठेवावी. सोमवारचा आकडा रविवारचाही असतो, तो एका दिवसाच्या खात्यात टाकू नये. यातले काहीच मूळ टाचणात नसते, कारण ते लिहिणाऱ्याला त्याची गरज पडलेली नसते.

गणितात फसगत वेगळी होते. ‘एका पोत्यात 100 किलो ज्वारी, तर 7 पोत्यांत किती?’ यातली ज्वारी काढून आंब्याची पेटी घातली की उदाहरण कोकणी झाले असे वाटते. पण पेटी डझनाच्या हिशेबात भरतात. पाच डझनांची पेटी म्हटली की मुलाला 60 गुणिले 7 करावे लागते आणि शंभराने गुणण्याची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला त्या पाठातून जे यायला हवे तेच, हातची जाते. ती राखायची असेल तर नारळ घ्यावेत, ते शेकड्याने विकले जातात. वस्तू बदलली की आकडा आणि एकक दोन्ही तपासलेच पाहिजेत.

शिवाय बहुतेक तयार टाचणे एक शिक्षक, एक वर्ग असे धरून लिहिलेली असतात. बहुवर्ग शाळेत तासाचे तुकडे करावे लागतात. तिसरीला पंधरा मिनिटे समोर बसवले, तर तेवढा वेळ चौथीच्या हातात काय असेल, हे समासात लिहिलेले हवे.

आता देवाणघेवाणीबद्दल. पीडीएफमध्ये सहज बदल करता येत नाही, आणि जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिखल होतो. म्हणून फाइल युनिकोडमध्ये आणि बदलता येईल अशा स्वरूपात पाठवावी. मूळ कोणाचे आणि आपण काय बदलले, हे वरच दोन ओळींत लिहावे. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्यातल्या साहित्याला तर श्रेय देणे बंधनकारकच आहे.

आमची मागणी साधी आहे. केंद्राच्या (परिसरातल्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, अर्धा तास फक्त बदललेल्या टाचणांना द्यावा. प्रत्येक शाळेने एक टाचण आणावे आणि ते वर्गात कुठे अडले, हे सांगावे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी सुवाच्य उतरवलेली वही मागू नये. छापील टाचणावर पेनाने केलेल्या दुरुस्त्या ग्राह्य धराव्यात आणि बारकाईने वाचायच्या तर त्या दुरुस्त्याच वाचाव्यात.

— काही प्राथमिक शिक्षक, दापोली (जि. रत्नागिरी)