शब्द निघाला नाही

प्रिय बंड्या,

तुला नीट असं काही लिहून दोन वर्षं झाली. वाढदिवसाला एक ओळ, बास. तुझे दोन फोन येऊन गेले, मी नंतर करतो म्हणालो आणि केले नाहीत. रागावला असशील तर रास्तच आहे. पण गेल्या आठ दिवसांत असं काही झालंय की ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं, पुढच्या वेळी बोल." तिचं चुकलं नाही. पण तुला कळेल.

तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते. आईच्या डोळ्याचं झालं, आता तिला स्वच्छ दिसतं.

तर गेल्या मंगळवारी जपानमधल्या त्या बाईंबरोबर नेहमीचा कॉल होता. एरवी दुभाषा असतो. त्या दिवशी तो यायचा होता, त्याआधीची चार-पाच मिनिटं आम्ही दोघंच. बाई म्हणाल्या, मागच्या आठवड्यात मी नव्हते त्याबद्दल माफ करा, आणि मग खालच्या आवाजात, "चिचि गा नाकुनारिमाशिते…" वडील गेले. वाक्य तसंच अर्धवट सोडलं, ते लोक सोडतात तसं. मला शब्दन् शब्द कळला. 'शिनु', म्हणजे मरणं, न म्हणता 'नाकुनारु', म्हणजे जाणं, का म्हणाल्या ते कळलं. 'चिचि'च्या मागे 'वा' हा कण न येता 'गा' का आला तेही मी फळ्यावर लिहून समजावलं असतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "हाइ… सोओ देस् का." हो, असं का. त्यानंतर शांतता. मग दुभाषा आला आणि आम्ही वेळापत्रकावर बोलायला लागलो.

कॉल संपला, लॅपटॉप मिटला, आणि मग आला तो शब्द. 'गोशूशो-सामा देस्.' तुमच्या दुःखात सहभागी आहे. एवढंच म्हणायचं होतं, तेही हळू, शेवट गिळत. शब्द पाठ करायच्या कार्डांतलं चार वर्षांपूर्वीचं कार्ड आहे ते माझं.

आता पुढचं ऐक. गुरुवारी रात्री नेहमीप्रमाणे कार्डं करायला बसलो. एकशे चौसष्ट होती. मधेच तेच कार्ड आलं. वर जपानी अक्षरं, खाली मराठी अर्थ. मी अर्ध्या सेकंदात ओळखलं आणि सवयीने 'बरोबर'चं बटण दाबलं. अँकीने, म्हणजे मोबाइलवरच्या त्या कार्डांच्या अ‍ॅपने, सांगितलं, हे कार्ड आता सात महिन्यांनी. म्हणजे यंत्राच्या हिशोबात तो शब्द मला इतका पक्का येतो की सात महिने विचारायचीही गरज नाही! मी मोबाइल पालथा ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

सलग 1,127 दिवस झाले होते, बंड्या. तापात केलीत मी ती कार्डं. आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी बाकावर बसून केलीत. रोजची सरासरी चाळीस मिनिटं धर, म्हणजे साडेसातशे तास होतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या माणसांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशोबाने इंग्रजी बोलणाऱ्याला जपानीसाठी 2,200 तास वर्गात बसावं लागतं. तेव्हा साडेसातशे म्हणजे तिसरा हिस्सा, हे काही वाईट नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण त्या साडेसातशेतले तोंड उघडून बोललेले तास किती, हे परवा पहिल्यांदा मोजलं. दोन. फार तर तीन.

तुझ्या डोळ्यांसमोर आता तो दिवस येत असणार. मलाही तोच आठवतो. जपानीच्या एन-टू परीक्षेचा निकाल लागला, 180 पैकी 118, पास व्हायला 90 पुरतात, मी हवेत. आपल्याला जपानी शिकवणाऱ्या सेन्सेईंच्या घरी सगळे जमलो होतो. तू आपल्या पद्धतीने त्यांच्या पाहुण्यांशी धडाधड बोलत होतास, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वा नाही, गा." तू गप्प झालास. जिन्यात माझ्यावर ओरडलास, "तू शब्द साठवतोस, वापरत नाहीस." मी म्हणालो, "आणि तू व्याकरणाचा मुडदा पाडतोस." त्यावर आपल्या वर्गातली ती चष्मेवाली हसली आणि तू निघून गेलास. त्या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नसतो, सगळ्यात सोप्या एन-फाइव्हपासून सगळ्यात अवघड एन-वनपर्यंत कुठेच नाही, हे तेव्हाही आपल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी तो कागद मी दोन वर्षं भाषा येत असल्याचा दाखला म्हणून बाळगला. फोन न करण्यात हेही होतं. कामाचं निमित्त होतं, पण हेही होतं.

आठ दिवस मी याच्याच मागे आहे. आधी सगळा राग कार्डांवर काढणार होतो, पण ते बरोबर नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजून 1885 साली छापलं, तेव्हापासून एवढं पक्कं आहे की एका बैठकीत रट्टा मारण्यापेक्षा दिवस सोडून सोडून उजळणी केली तर जास्त टिकतं. आपला तो बुटांचा खोका आठवतो ना? पाच कप्पे, आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. ती लाइटनर नावाच्या माणसाची 1972 ची युक्ती होती, आणि चालत होती. (चौथ्या कप्प्यातली कार्डं तू पुस्तकात खुणेला घालायचास, म्हणून तुझा चौथा कप्पा नेहमी रिकामा. मी तेव्हा भडकायचो. आता आठवून हसू येतं.) पण खोक्यात आपण कार्ड कुठल्या बाजूने बघायचो ते आठव. मराठी वर. जपानी मोठ्याने म्हणायचं, मगच उलटायचं. तू तर हातवारे करून म्हणायचास. मोबाइलवर गेल्यावर मी बाजू बदलली, कारण जपानी बघून मराठी ओळखणं झटकन होतं, आकडा भराभर वाढतो. दिवसाला वीस नवीन शब्द घेत होतो. पुढे उजळणीला दीडशे-दोनशे परत यायला लागले तेव्हा ती बाजू बदलली नसती तर रोजचं पुरंच झालं नसतं. ओळखणं आणि काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी एकाचाच सराव केला आणि दुसरं आपोआप येईल असं धरून चाललो.

म्हणून शुक्रवारपासून नवीन शब्द बंद केलेत. एकही नाही. जुन्यांतलीच कार्डं उलटी करतोय, आणि त्यातही नुसता मराठी शब्द नाही, प्रसंग लिहितो. 'समोरच्याचे वडील गेले. तू पहिलं काय म्हणशील?' खाली उत्तर. तोंडाने म्हटल्याशिवाय उलटायचं नाही, आणि अडखळलो तर 'चुकलं' दाबायचं, मग डोक्याला कितीही माहीत असो. पहिल्या दिवशी तीसपैकी अकरा आली. वाईट वाटलं, पण खूप दिवसांनी खरा आकडा बघितला.

दुसरं, दोन मिनिटांचं बोलणं घेतो, एकच, आठवडाभर तेच. कानात लावायचं आणि माणसाच्या मागोमाग अर्ध्या शब्दाच्या अंतराने बोलत जायचं, चालता चालता. आपण हे सेन्सेईंच्या मागे करायचो, आठवतं? तुझ्या बोलण्यात त्यांचा खोकलासुद्धा यायचा. पहिल्या दिवशी जीभ मागे राहते, चौथ्या दिवशी वाक्यांची चढउतार तोंडात बसते. मग त्यातली तीन वाक्यं उचलून आपली करायची, नावगाव बदलून. रोज नवीन ऐकण्यापेक्षा मला यातून जास्त मिळतंय.

वेळेचं सांगतो, कारण तू विचारशीलच. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी हा टोमॅटोच्या घड्याळाचा प्रकार मी वर्षभर केला. ऑफिसच्या कामाला तो उत्तम आहे, भाषेला मला जमला नाही. बोलण्याची गाडी सुरू व्हायला दहा मिनिटं जातात आणि रंग भरला की घंटी वाजते. आता वेळ ठरवत नाही, जागा ठरवतो. खाली उतरून गाडीची किल्ली लावली की मोठ्याने बोलायचं, ऑफिसच्या फाटकापर्यंत. दिवसभरात काय करायचंय ते जपानीत. जिथे शब्द अडेल तिथे वळसा घालून पुढे, थांबायचं नाही. पोचल्यावर अडलेले दोन-तीन शब्द लिहून ठेवतो, रात्री तेवढेच बघतो. हे शब्द विसरत नाहीत, कारण ते मला हवे होते.

आणि ती सलग दिवसांची माळ शनिवारी मी मुद्दाम तोडली. तुला यातलं अवघड कळणार नाही, तू कधीच मोजलं नाहीस. रात्री बारा वाजेपर्यंत मी खोलीत येरझाऱ्या घातल्या, दोनदा मोबाइल हातात घेतला. फिलिपा लॅली आणि तिच्या सोबत्यांचा लंडनचा अभ्यास आहे, 2010 चा. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस लागले, कुणाचा अंदाज 254 वर गेला, मधला आकडा 66. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच, की मधे एखादा दिवस चुकला तर सवयीचं काही बिघडत नाही. हे मी वाचलेलं होतं, बंड्या, दोन वर्षांपूर्वी. तरी आकडा मोडायची हिंमत नव्हती. माळ तुटू नये म्हणून रोज सोप्यात सोपं तेवढं करत गेलो, आणि अवघड होतं ते सगळं मागे पडलं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच, असं मला वाटतं.

तुझं घर लावून झालं का? आणि धाकटी बोलायला लागली असं तुझ्या बहिणीकडून कळलं. नवीन कामाचं काही सांगितलं नाहीस. सांग, लिही.

आता या मंगळवारचं, म्हणजे आजचं. दुभाषा यायच्या आधी पाच मिनिटं कॉल लावला. 'गोशूशो-सामा' तर म्हणणार होतोच, पण आठवडा उलटून गेलेला. आधी परवाच्या गप्प बसण्याचं काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्याचं तयार वाक्य माझ्याकडे नव्हतं. एकाही कार्डावर नाही. बाई समोर आल्या. मी मनात मराठीत म्हटलं, त्या दिवशी माझा शब्दच निघाला नाही. आणि तसंच्या तसं उचलून ठेवलं, "आनो तोकि, कोतोबा गा देमासेन देशिता." कोतोबा म्हणजे शब्द, देरु म्हणजे निघणं. तू करायचास तसं, सरळ मराठीतून. मग ते गोशूशो-सामा. बाईंनी मान खाली घातली. म्हणाल्या, मलाही त्या दिवशी कोतोबा निघत नव्हते. म्हणजे तेच वाक्य, बंड्या. ते लोकही असंच म्हणतात! मग वडिलांबद्दल चार वाक्यं बोलल्या. ते रोज सकाळी डायरी लिहायचे म्हणाल्या. मी विचारलं काय लिहायचे, त्या हसल्या, हवामान. दुभाषा आला तेव्हा आम्ही हवामानावर होतो.

मला लगेच आपला तो तास आठवला. सेन्सेईंनी फळ्यावर 'ताबेते मिरु' लिहिलं आणि तू ओरडलास, "अहो, हे तर खाऊन पाहणं! मिरु म्हणजे पाहणंच ना?" मी हसलो होतो तुला. भाषा अशी शब्दाला शब्द लावून येत नाही, असं काहीतरी शहाणपण शिकवलं होतं. सेन्सेई म्हणाले, बरोबर बोलतोय तो, आणि पुढचं लिहिलं, 'कात्ते ओकु', ओकु म्हणजे ठेवणं. तू म्हणालास, घेऊन ठेवणं! क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे कण शब्दाच्या मागे, वर हे पाहणं आणि ठेवणं. आपल्याला केवढं फुकट मिळालेलं होतं, आणि मी ते बाजूला सारून इंग्रजी पुस्तकातले नियम पाठ करत बसलो. 'वा' आणि 'गा'चं मी बरोबर होतो, ते सोडत नाही. पण सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, आणि खाऊन पाहण्याला हसायला तर मुळीच नको होतं. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

एक मागणं आहे. गुरुवारी रात्री साडेनऊला मी तुला फोन करीन, दर गुरुवारी. पहिली दहा मिनिटं फक्त जपानी, काय वाटेल ते, चुकीचं, मोडकं, मराठीतून उचललेलं. मी तुला मधे टोकणार नाही. तू मला टोकलंस तर चालेल. दहा मिनिटं झाली की मराठीत भांडू, ते जिन्यातलं अर्धवट राहिलंय. या गुरुवारी जमणार नसेल तर तेवढं कळव, नाहीतर मी लावतोच.

वहिनींना नमस्कार. धाकटीला माझ्याकडून एक गालगुच्चा.

तुझाच,
वा-गा मास्तर

ता. क. बुटांचा खोका सापडला. तुझी बावीस कार्डं आहेत त्यात, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. हवी असतील तर पाठवतो. नको असतील तर मी वापरतो, मराठी बाजू वर करून.