मंद्या, जॉयस्टिक घेऊ नकोस

पुणे,
रविवार

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार वि. वि.

फोनवर तू 'बरं, बघू' म्हणून ठेवून देतोस आणि माझं म्हणणं अर्ध्यावरच राहतं, म्हणून हे लांबलचक पत्र. तू पाठवलेली जॉयस्टिकची लिंक पाहिली. नऊ हजार! आधी दांडा घेईन, मग सराव करीन, मग आपण दोघं संगणकावरच्या लढाऊ विमानांच्या खेळात उडू, असं तुझं चाललंय. तुझा हा क्रम मला चांगला ठाऊक आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा तू आधी गिटार आणली होतीस आणि मग क्लास लावणार होतास. ती गिटार शेवटी मालकीणबाईंच्या माळ्यावर गेली. तेव्हा दांडा नको. घरात माउस आहे, कीबोर्ड आहे, इकडे मी आहे. एवढं पुरतं.

माउसनं विमान उडवणं म्हणजे पोरखेळ, असं तू म्हणालास. यात थोडं तथ्य होतं, पण ते जुन्या खेळांपुरतं. जॉयस्टिकला मध्य असतो. हात सैल सोडला की स्प्रिंग दांडा जागेवर आणते आणि आपण किती ओढलाय हे न बघता तळहाताला कळतं. माउसला मध्यच नाही. मी इतका सरकलो, एवढंच तो सांगतो. त्यामुळे माउसला दांडा समजून उडवायला गेलं की विमान झोकांड्या खायचं.

वॉर थंडरवाल्यांनी यावर काढलेली तोड मला अजूनही हुशारीची वाटते. (हा खेळ २०१२ पासून सगळ्यांसाठी खुला आहे आणि फुकट आहे, हे तुझ्यासारख्या कोब्रा माणसासाठी आधीच सांगून टाकतो.) त्यात माउस दांडा हलवतच नाही. माउसनं तू आकाशात एक गोल ठेवतोस, मला तिकडे जायचंय म्हणून. मग खेळातला न दिसणारा 'इन्स्ट्रक्टर' एलेरॉन किती, एलिव्हेटर किती, रडर किती (म्हणजे विमान कलवणाऱ्या, वर-खाली करणाऱ्या आणि बाजूला वळवणाऱ्या फळ्या) हलवायचे हे ठरवतो आणि विमानाचं नाक त्या गोलाकडे आणतो.

आता यात लबाडी काय आहे ते सांग. आपलं तेजस लढाऊ विमान घे. ते मुद्दामच अस्थिर बनवलंय, म्हणजे वळायला चपळ राहावं म्हणून. संगणक बंद पडला तर माणसाच्यानं ते सांभाळणार नाही, म्हणून त्याची यंत्रणा चौपदरी ठेवली आहे. वैमानिक काय हवं ते सांगतो, पंखांच्या फळ्या किती हलवायच्या ते संगणक बघतो. अमेरिकेचं एफ-१६ १९७४ साली पहिल्यांदा उडालं, त्याचा दांडा तर सुरुवातीला हलतच नव्हता, नुसता हाताचा दाब मोजायचा. वैमानिकांना ते रुचेना, म्हणून पुढे तो किंचित हलता केला. तू म्हणशील, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाला कुठे संगणक होता? नव्हता. ज्यांना तसं उडायचंय त्यांच्यासाठी त्याच खेळात सिम्युलेटर नावाचा वेगळा प्रकार आहे, तिथे जाशील तेव्हा दांडा घे. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवायचं असेल तरीही घे. डीसीएस नावाच्या दुसऱ्या खेळात तर कॉकपिटातली बटणं दाबायलाच माउस लागतो, तोच उडवायला कसा वापरणार? त्या वाटेला आपण जायचं नाही.

माउसची खरी अडचण दुसरीच आहे, आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहितोय.

माउसवर तू जिकडे बघतोस तिकडे विमान जातं. नजर आणि विमान वेगळं होत नाही. 'सी' दाबून धरलं की मान वळवता येते, पण तेवढा वेळ विमान शेवटच्या गोलाकडेच सरळ जात राहतं. म्हणजे नेम धरला की पाठीमागचं दिसत नाही आणि पाठीमागे पाहिलं की नेम सुटतो. महागडी सामग्री असलेले लोक दांड्यावरच्या बटणानं किंवा डोक्याची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं इकडेतिकडे बघतात आणि हात उडवत राहतो. आपल्याला ती सोय नाही. एकटा खेळणारा माउसवाला बहुतेक वेळा मागून मरतो, आणि तेही समोरच्या विमानाचा नेम अगदी जुळत आलेला असताना. तंत्र सुधारून हे फारसं सुटत नाही. दुसरं माणूस असलं तरच सुटतं.

इकडे विमाननगरला आल्यापासून सुखोईचा आवाज रोजचा झालाय. ते डोक्यावरून गेलं की फोनवरचं बोलणं आणि आमचं भांडण, दोन्ही तेवढ्यापुरतं थांबतं. सुखोई-३० हवाई दलात १९९७ साली आलं ते इथेच, लोहगावात. त्यात दोघं बसतात. पुढचा उडवतो, मागचा रडार आणि शस्त्रं बघतो. रडार आणि पडद्यांनी भरलेल्या त्या विमानातही दुसरा माणूस लागतो, तर आपल्या पंधरा इंची लॅपटॉपवर का लागू नये?

तर आपली वाटणी अशी. एक पुढे, तो नेम धरणार. दुसरा पाठीराखा. पाठीराख्यानं पुढच्याच्या शेपटीला चिकटून उडायचं नाही, थोडं मागे आणि बरंच वर राहायचं. वर अशासाठी की उंची म्हणजे साठवलेला वेग. खाली काही बिघडलं की नाक खाली टाकून पोचता येतं. खालून वर चढून वेळेत कोणी पोचत नाही. पाठीराख्यानं एकही विमान पाडलं नाही तरी चालेल. सुरुवातीला मी पाठीराखा होईन, तू पुढे हो. आठवडाभरात तुला कळेल की मागचं काम जास्त मजेचं आहे, आणि मग आपलं त्यावरून वाजेल.

एकाच सावजामागे दोघांनी धावायचं नाही, हे मात्र आत्ताच ठरवून टाकू. ओस्वाल्ड बोल्के नावाचा जर्मन वैमानिक होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, त्यानं हवाई लढाईचे नियम लिहून काढले. सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, असे. लढाई विस्कटली की अनेकांनी मिळून एकाच विमानामागे लागू नये, हेही त्यांतच होतं. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तो आणि त्याचा जवळचा सोबती एर्विन ब्योमे एकाच ब्रिटिश विमानामागे लागले. ब्योमेच्या विमानाची चाकं बोल्केच्या वरच्या पंखाला घासली, पंख निकामी झाला आणि बोल्के गेला. ज्यानं नियम लिहिला त्याच्यावर ही वेळ आली, तर रात्री साडेदहाला डोळ्यांवर झापड असलेल्या आपली काय कथा! माउसवर तर हा धोका जास्तच, कारण दोघांचीही नजर त्याच एका गोलावर खिळलेली असते.

आणि आता माझी सगळ्यात आवडती चाल. अमेरिकन नौदलातला जॉन थॅच. १९४१ साली त्याच्या वाचनात आलं की जपान्यांचं नवं झीरो विमान फार चपळ आहे, आपल्या वाइल्डकॅट विमानाला ते वळण्यात ऐकणार नाही. त्यानं घरी टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून रोज रात्री डोकं चालवलं. त्यातून निघालेली चाल जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्यानं स्वतः वापरली. दोन विमानं शेजारीशेजारी, मधे वळायला पुरेल इतकं अंतर. एकाच्या शेपटीला शत्रू लागला की दोघंही एकमेकांच्या दिशेनं वळतात. पाठलाग करणारा हटला नाही तर आपोआप दुसऱ्याच्या तोंडासमोर येतो. हटला तर सावज सुटलं. मग पुन्हा दूर, पुन्हा जवळ, विणत राहायचं.

ही चाल माउसवाल्यांसाठीच बेतली आहे की काय असं मला वाटतं. यात मागे बघावंच लागत नाही! तू माझ्याकडे बघतोस, मी तुझ्याकडे. तुझ्या पाठीमागचा मला समोर दिसतो आणि माझ्या पाठीमागचा तुला. अडचण एवढीच, की घाबरलेला माणूस मोकळ्या आभाळाकडे पळतो, सोबत्यापासून लांब. तसं केलंस की मी काही करू शकत नाही. शेपटीला कोणी लागला की माझ्याकडे पळ. आपली टक्कर होईल असं वाटेल. होणार नाही, मी खालून जाईन, तू वरून जा. हे कायमचं ठरलं.

बोलण्याचंही ठरवायला हवं. माझा मावसभाऊ हल्ली माझ्याबरोबर खेळतो. बारावीला आहे, हात असा की विचारू नकोस, पण तोंडातून शब्द नाही. गुपचूप लढतो, गुपचूप मरतो आणि मग म्हणतो, 'दादा, तुमच्या मागे तो मगाचपासून होता.' मगाचपासून! तुझं याच्या उलट होणार याची मला खात्री आहे. तू 'अरे तो बघ, तो बघ' करणार. कुठला तो? मैदानावर धाव घेताना आपण 'येस', 'नो', 'वेट' यापलीकडे काही बोलायचो का? तसंच हे. आधी कोणासाठी ते, मग बाजू, मग वर की खाली. 'रंग्या, डावीकडे मागे, वर.' बास. जीवावर आलं असेल तर नुसतं 'वळ!' विमानाचं नाव, त्याचा रंग, त्यानं तुला कसं फसवलं हे सगळं खाली उतरल्यावर, चहा घेताना. बोलण्याचं बटण माउसच्या अंगठ्याजवळ ठेव, कीबोर्डवर ठेवलंस तर नेमकं हवं तेव्हा बोट मोकळं नसतं.

हाताबद्दल थोडं. माउसचा वेग आत्ता ठेवतोस त्याच्या निम्मा कर. गोल झटकन लांब फेकलास की इन्स्ट्रक्टर जीव खाऊन दांडा ओढतो, विमान करकचून वळतं आणि सगळा वेग तिथेच सांडतो. मग तू आकाशात लटकलेला, आणि खालचा प्रत्येक जण तुझ्याकडे बघतोय. गोल हळू न्यायचा. आधी 'ए' किंवा 'डी'नं विमान कुशीवर घ्यायचं आणि मगच गोल वर ओढायचा. इन्स्ट्रक्टरवर सोडलंस तर तो हेच करतो, पण त्याच्या सवडीनं.

कोणत्या खेळापासून सुरुवात करायची? वॉर थंडरमधला आर्केड प्रकार चार दिवस कर, त्यात गोळी कुठे मारायची ते चिन्हच दाखवतात. चटक लागण्याआधी तिथून बाहेर पड. रिअलिस्टिकमध्ये ते चिन्ह नाही, गोळ्या संपल्या की तळावर उतरावं लागतं, आणि जोडीचा खरा उपयोग तिथेच कळतो. मात्र समोर माणसं असतात, आणि त्यातली काही वर्षानुवर्षं दुसरं काहीच करत नसावीत असं वाटतं. त्याचा उबग आला की न्यूक्लिअर ऑप्शन नावाचा दुसरा खेळ. तो विकत घ्यावा लागतो, पण त्यात आपण सगळे एका बाजूला आणि संगणक दुसऱ्या बाजूला असं खेळता येतं. विमानं काल्पनिक आहेत. क्रिकेट नावाचं एक पंख्याचं छोटं विमान आहे, ते तुला आवडेल. एकानं त्यातलं मेड्युसा विमान घेऊन शत्रूची रडारं जाम करायची आणि दुसऱ्यानं त्या आडून आत शिरायचं, ही आमची सध्याची आवडती खोडी. एस कॉम्बॅट तू म्हणत होतास, त्याचा सातवा भाग दिसतो देखणाच, पण त्यातली मोहीम एकट्यानं खेळायची. मला त्यात रस नाही.

आमच्याकडे पालख्या परवाच पुढे गेल्या. दोन दिवस निम्मे रस्ते बंद, म्हणून घरूनच काम केलं. पाऊस अजून नावालाच आहे. चिपळुणात तुमची मात्र झोड चालू असेल. नेटची काळजी करू नकोस. प्रत्यक्ष खेळताना डेटा फारसा जात नाही, मोबाइलच्या नेटवरही भागतं. डाउनलोड मात्र प्रचंड आहे, तेवढं आज रात्रीच लावून ठेव आणि वीज गेली तर सकाळी पुन्हा चालू कर. येत्या शनिवारी पोरं झोपल्यावर, दहाच्या पुढे. तोवर एकट्यानं चार-सहा वेळा उडून, पडून घे. पहिल्यांदा पडताना मला ऐकवायची गरज नाही.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींना सांग की नऊ हजार वाचवलेत, त्यातला निम्मा वाटा माझा.

तुझा,
रंग्या

ता. क. : तुझा कीबोर्ड तो ऑफिसातून आणलेला जुनाच आहे ना? नोटपॅड उघडून तीन-चार अक्षरं एकदम दाबून बघ. स्वस्तातल्या कीबोर्डना एका वेळी ठरावीक जोड्याच कळतात, तिसरं बटण ते चक्क गिळतात. एखादं अक्षर उमटलं नाही तर कळव, बुधवारी मी तपकीर गल्लीत जाणारच आहे, तुझ्यासाठी एक बघून ठेवतो.