'पब्लिक एनिमीज': चार तारखांची दुरुस्ती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'पब्लिक एनिमीज' (2009) हा चित्रपट म्हणजे अमेरिकन दरोडेखोर जॉन डिलिंजरचे अस्सल चरित्र, असा सूर आपल्या रविवार पुरवणीतील लेखात आहे. जागांपुरते ते खरे आहे. क्राऊन पॉइंटचा तुरुंग, विस्कॉन्सिनमधले लिटल बोहेमिया लॉज, शिकागोचे बायोग्राफ थिएटर, सगळीकडे दिग्दर्शक मायकल मान यांनी मूळ ठिकाणी जाऊन चित्रीकरण केले. पण मृत्यूंचा क्रम त्यांनी बदलला, आणि त्यामुळे तपासयंत्रणेची एक मोठी नामुष्की पडद्यावर चक्क यश ठरते.

22 एप्रिल 1934 च्या रात्री काय झाले ते पाहा. डिलिंजरची टोळी लिटल बोहेमिया लॉजमध्ये लपली होती. केंद्राच्या तपास विभागातला अधिकारी मेल्विन पर्व्हिस याच्या माणसांनी लॉज नीट घेरण्याआधीच तिथून निघालेल्या एका गाडीवर गोळ्या झाडल्या. गाडीत टोळीतले कोणी नव्हते, घरी निघालेली तीन साधी गिऱ्हाइके होती. एक मेला, दोघे जखमी झाले. आवाज ऐकताच डिलिंजर, त्याचा साथीदार होमर व्हॅन मीटर आणि बाकीचे मागच्या बाजूने तळ्याच्या काठाने पसार झाले. टोळीतल्याच बेबी फेस नेल्सननेही अंधारात वाट काढली आणि पळता पळता एका एजंटला ठार केले. सकाळी हाती लागल्या त्या टोळीबरोबरच्या तीन बायका!

गाडीवरचा गोळीबार चित्रपटात आहे. पण त्याच रात्री नेल्सन आणि व्हॅन मीटर मारले गेल्याचे दाखवले आहे, ते सपशेल चूक. नेल्सन त्यानंतर सात महिने मोकळा होता. शेवटी शिकागोजवळ बॅरिंग्टनला झालेल्या चकमकीत त्याने सॅम्युअल काउली आणि हर्मन हॉलिस या दोन एजंटांचा जीव घेतला, मग स्वतः मेला. हॉलिस म्हणजे बायोग्राफबाहेर डिलिंजरवर गोळ्या झाडणाऱ्या तिघांपैकी एक. नेल्सनला एप्रिलमध्येच संपवल्यावर या दोघांच्या मरणाला चित्रपटाच्या कथेत जागाच उरत नाही. मला सर्वांत जास्त खटकते ते हे.

चित्रपटाची सुरुवातही तशीच, तुरुंगातून कैदी पळतात तेव्हा डिलिंजर तिथे हजर दाखवला आहे. 26 सप्टेंबर 1933 ला इंडियानातल्या मिशिगन सिटी तुरुंगातून दहा कैदी पळाले तेव्हा डिलिंजर तिथे नव्हता. बंदुका आत पोचवायची व्यवस्था त्याची, पण चारच दिवसांपूर्वी पकडला गेल्याने तो स्वतः ओहायोत कोठडीत होता.

लेखात आणखी एक मुद्दा राहून गेला आहे. बँक लुटणे हा मे 1934 पर्यंत केंद्रीय गुन्हाच नव्हता. राज्याची हद्द ओलांडली की पाठलाग करणाऱ्या पोलिसांचे हात बांधले जात. डिलिंजर अडकला तो गाडीमुळे. 3 मार्चला क्राऊन पॉइंटहून निसटताना त्याने महिला शेरीफ लिलियन हॉली यांचीच फोर्ड पळवली आणि इंडियानातून इलिनॉयमध्ये नेली. चोरीची गाडी दुसऱ्या राज्यात नेणे हा 1919 च्या कायद्याने केंद्रीय गुन्हा होता, म्हणून केंद्राच्या तपास विभागाला (एफबीआय हे नाव 1935 चे) त्याच्यामागे लागता आले.

बायोग्राफबाहेर गोळी पर्व्हिस नव्हे, एजंट चार्ल्स विन्स्टेड झाडतो, हे मात्र चित्रपटाने बरोबर दाखवले आहे.

दुरुस्ती छापणार असाल तर मृत्यूच्या तारखा अशा: डिलिंजर 22 जुलै, व्हॅन मीटर 23 ऑगस्ट, चित्रपटात डिलिंजरच्या आधीच मारलेला दरोडेखोर प्रिटी बॉय फ्लॉइड 22 ऑक्टोबर, नेल्सन 27 नोव्हेंबर. साल सर्वांचे 1934.

आपला,
एक वाचक, सांगली