पुढच्या हवामान उपग्रहावर विजा टिपणारा संवेदक हवा

संपादक महोदय,

सोलापूर जिल्ह्यात द्राक्षाचा माल तोडणीला येतो त्याच सुमारास अवकाळीची धास्ती सुरू होते. गेल्या हंगामात एका दुपारी मोबाइलवर उपग्रहाचे चित्र पाहिले तेव्हा आमच्या शिवारावर आभाळ मोकळे होते; पुढचे चित्र येईपर्यंत बेदाणा शेडच्या पत्र्यावर गारा वाजू लागल्या होत्या. यात चूक कोणाचीच नाही, मर्यादा उपग्रहावरील यंत्राची आहे.

२०१६ मधील इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मधील इन्सॅट-३डीएस हे भूस्थिर (पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारे) उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरून भारतावर अखंड नजर ठेवतात. मात्र त्यांच्या कॅमेऱ्याला पृथ्वीचे एक पूर्ण चित्र टिपायला सुमारे २६ मिनिटे लागतात, आणि ढगमाथ्याचे तापमान सांगणाऱ्या अवरक्त चित्रातला एक ठिपका साधारण ४ किलोमीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे जवळपास ४,००० एकरांचा असतो. (दोन्ही उपग्रहांनी आळीपाळीने चित्रे घेतली की मधली फट १५ मिनिटांवर येते, हे मान्य.) जपानचे हिमावारी उपग्रह २०१५ पासून प्रकाशाच्या १६ तरंगलांबी-पट्ट्यांतील पूर्ण चित्र दर १० मिनिटांनी देत आहेत.

त्याहून मोठी उणीव विजांची आहे. अमेरिका व चीनने २०१६ मध्ये आणि युरोपने २०२२ मध्ये सोडलेल्या भूस्थिर उपग्रहांवर वीज टिपणारे संवेदक आहेत. विजेच्या लखलखाटात प्राणवायूमुळे ७७७.४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ठळक उमटतो. तेवढाच प्रकाश गाळून घेणारा हा कॅमेरा सेकंदाला शेकडो चित्रे काढतो, त्यामुळे भर दुपारीही ढगाच्या पोटातली वीज त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. ढगातील विजांची संख्या एकाएकी वाढली की काही मिनिटांत गारपीट होण्याचा संभव बळावतो, म्हणून त्या मिनिटांचे मोल आहे. ढगाआड पाहू शकणारी सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) यंत्रेही हवीतच, पण इतक्या उंचीवरून त्यांना अवाढव्य अँटेना लागते. वीज टिपणाऱ्या संवेदकाला तशी अडचण नाही.

अर्ध्या तासाच्या सूचनेने वेलीवरचे घड वाचणार नाहीत, हे मी बागायतदार म्हणून जाणतो. परंतु शेडचे पडदे सोडता येतील आणि तोडणीच्या बायांना झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जाता येईल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरातील ढगांवर विमान व रडारच्या साहाय्याने प्रयोग केलेले आहेत. इस्रोने असा संवेदक घडवायला घेतल्यास त्याची जमिनीवरील पडताळणी याच जिल्ह्यात व्हावी, अशी विनंती आहे.

— एक द्राक्ष बागायतदार, सोलापूर